दोन हस्ताक्षरं

ज्या दोन माणसांमुळे माझा आजार निभावला, ती एकमेकांना कधीच भेटली नाहीत. एक आमच्या सावंतवाडीकडचे वैद्यकाका आणि दुसऱ्या परळच्या टाटा हॉस्पिटलातल्या केमो डे-केअरच्या सिस्टर. औषधं डॉक्टरांनी दिली, ऑपरेशन सर्जननी केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण कर्करोगाचे उपचार चालू असताना नातेवाइकांकडून, शेजारपाजारातून, व्हॉट्सॲपवरून दुसरीही औषधं माणसावर चालून येतात. त्यांतून मला सुखरूप पार नेलं ते या दोघांनी. हे ऋण फिटायचं नाही, निदान नोंदवून ठेवावं म्हणून लिहिते आहे.

डाव्या स्तनात गाठ निघाली तेव्हा मी शाळेत शिकवत होते. आधी केमो, मग ऑपरेशन, मग लाईट, म्हणजे रेडिएशन, आणि शेवटी काही वर्षं रोजची गोळी, असा क्रम ठरला. आमच्याकडच्या माणसाला परळ परकं वाटत नाही. तुतारी एक्सप्रेस संध्याकाळी सावंतवाडीहून सुटते, सकाळी दादरला उतरवते, आणि लालबाग-परळात कुणी ना कुणी आपलं असतंच. गिरण्या गेल्या तरी चाळीतल्या खोल्या राहिल्या. माझ्या आतेची खोली हॉस्पिटलपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती. त्या खोलीत मी केमोचे दिवस काढायचे आणि अंगात जरा बळ आलं की गावी परतायचे.

पहिल्या केमोआधी गावी गेले तर माजघरातल्या टेबलावर पिशव्याच पिशव्या. मोठ्या दिरांनी पुण्याहून गुळवेलीच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या. नणंदेनं हळदीच्या कॅप्सूल आणल्या होत्या, त्यात काळ्या मिरीचा अर्कही होता. चुलतभावानं गोव्याहून लक्ष्मणफळाची पानं वाळवून आणली होती. शेजारच्या वहिनी रोज सकाळी गव्हांकुराचा रस आणून देणार होत्या. कुणी अंगणातल्या सदाफुलीची पानं चावून खायला सांगत होतं. आणि एका बुवांकडून आलेली करड्या पावडरीची पुडी होती, तिच्यावर ना नाव, ना तारीख. किंमत मात्र भरपूर होती. सासूबाई म्हणाल्या, "घे गो, झाडपालोच तो, अपाय काय होतलो?"

यातल्या एकाही माणसाच्या मनात वाईट नव्हतं. दिरांनी त्या कॅप्सूलसाठी अर्धा दिवस मोडला होता. म्हणून तर नाही म्हणणं इतकं जड जातं. औषध परत करताना माणसाची माया परत केल्यासारखी वाटते, आणि मग लोक एक तर सगळं घेतात किंवा डॉक्टरांपासून लपवून घेतात.

त्याआधी दुसरीकडे एका डॉक्टरांना माझ्या यजमानांनी विचारलं होतं, "सोबत आयुर्वेदिक काही चालेल का?" डॉक्टर हसले. "तेच करायचं असेल तर माझ्याकडे कशाला आलात?" एवढंच म्हणाले आणि पुढच्या रुग्णाला बोलावलं. ते वाक्य माझ्या मनाला लागलं ते अपमानापेक्षा दुसऱ्याच कारणानं. असं उत्तर मिळालेला माणूस पुन्हा विचारत नाही. घरी जे चालू असतं ते चालूच राहतं, फक्त डॉक्टरांना कळेनासं होतं.

वैद्यकाकांकडे मी गेले ती औषध मागायलाच. आमच्या तीन पिढ्यांच्या नाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. रिपोर्टांची फाईल त्यांनी आधी नीट वाचली, केमोतल्या औषधांची नावं एका कागदावर उतरवून घेतली. मग म्हणाले, "घरात जां काय इलेलां आसा तां सगळां घेवन ये. लपवू नको." मी दोन पिशव्या भरून नेल्या. त्यांच्या ओटीवर चटई होती, तिच्यावर त्यांनी एकेक वस्तू मांडली. प्रत्येकीला तेच तीन प्रश्न: कोणी दिलं, कशासाठी दिलं, आत काय आहे. चष्मा कपाळावर सरकवून, डबी डोळ्यांजवळ नेऊन ते बारीक अक्षरांतला मजकूर वाचत होते. एका डबीवर 'स्वामित्व औषध' असं लिहून खाली वीसेक घटकांची यादी होती. ती त्यांनी बोट फिरवत शेवटपर्यंत वाचली.

गुळवेलीपाशी ते बराच वेळ थांबले. ही त्यांची स्वतःची आवडती वनस्पती. जन्मभर ती त्यांनी तापाला, अशक्तपणाला दिली होती. त्यांच्याच परसात आंब्यावर चढलेला वेल होता. तरी त्यांनी ती डबी बाजूला काढली. म्हणाले, तुझी केमोची औषधं यकृतातून जाणार. यकृताला आणखी एक काम आत्ता लावायचं नाही. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला तर केमो पुढे ढकलतील, आणि बिघडलं कशानं, केमोनं की माझ्या गुळवेलीनं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पुढे २०२१ साली, करोनाच्या दिवसांत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं तिला हरकत घेतली, दोन्ही बाजूंनी बरंच लिहिलं गेलं. वैद्यकाकांचा त्या दिवशी फोन आला होता. वादाबद्दल एक शब्द नाही. "तुझ्या वळखीत केमो चालू आसताना कोण गुळवेल घेता काय? इचार आणि कळव." एवढंच.

हळदीबद्दल त्यांचं म्हणणं असं की आमटीत घाल, दुधात चिमूटभर घाल, कॅप्सूल मात्र नको. मिरीचा अर्क सोबत का घालतात तेही त्यांनी सांगितलं. नुसती हळद रक्तात फारशी उतरत नाही. बंगळुरूच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं होतं की पिपेरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, सोबत दिलं तर हळदीतलं करक्युमिन माणसाच्या रक्तात वीस पटींनी वाढतं. मिरी हे करते ती शरीराची औषध मोडण्याची वाट अडवून. मग त्याच वाटेनं जाणाऱ्या बाकीच्या औषधांचं काय होतं, हा प्रश्न उरतोच. पुढे मला रोजची गोळी, टॅमॉक्सिफेन, सुरू झाली तेव्हा ही गोष्ट पुन्हा समोर आली. टॅमॉक्सिफेनपासून शरीरात एंडॉक्सिफेन तयार होतं आणि खरं काम ते करतं. करक्युमिन आणि पिपेरिन एकत्र घेतल्यावर त्याची रक्तातली पातळी घटते, हे रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ साली दाखवलं. गुण वाढेल या आशेनं घेतलेली वस्तू असं उलटंही काम करते.

लक्ष्मणफळाची पानं त्यांनी माझ्याकडे मागूनच घेतली, परत दिली नाहीत. फळ खायला त्यांची ना नव्हती. पानांचा काढा महिनोन्महिने पिण्याला होती, कारण त्यातल्या ॲनोनासिन या द्रव्याचा संबंध मज्जासंस्थेच्या विकाराशी लागलेला आहे. ग्वाडेलूप बेटावर पार्किन्सनसारखी लक्षणं असलेल्या रुग्णांत हे फळ आणि त्याच्या पानांचा काढा घेणारे पुष्कळ आढळले होते. मला पुढे पॅक्लिटॅक्सेल मिळणार होतं, ज्यानं हातापायांच्या नसांना आधीच मुंग्या येतात. बुवांची पुडी तर त्यांनी उघडलीदेखील नाही. धातूंपासून केलेल्या रसौषधी त्यांच्या शास्त्रात आहेत, पण पारा, शिसं, सोमल यांचं शोधन कुणी केलं, कसं केलं, हे कळल्याशिवाय त्या ते कुणालाच देत नसत. बॉस्टनच्या दुकानांत विकली जाणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं, असा अहवाल २००४ साली आला होता. त्याचं कात्रण त्यांच्या टेबलाच्या खणात होतं. त्यांचा राग अहवाल लिहिणाऱ्यांवर नव्हता, औषधं बनवणाऱ्यांवर होता.

सदाफुलीपाशी ते मला अंगणात घेऊन गेले. गुलाबी फुलांचं झुडूप तुळशीशेजारीच होतं. याच्यातून विनक्रिस्टिन काढतात, ते म्हणाले, लहान मुलांच्या ल्युकेमियात ते देतात, आणि मोठ्या माणसालासुद्धा एका वेळी दोन मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत. दोन मिलिग्रॅम म्हणजे मिठाचे थोडे कण. आता या एका पानात किती आहे, ते तू सांग. मी काय सांगणार? झाड अंगणातलं असलं म्हणून औषध घरगुती होत नाही, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मग त्यांनी आंबोलीच्या जंगलातल्या नरक्याची गोष्ट काढली. हे झाड सह्याद्रीत उगवतं, त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, आणि त्याच्यापासून टोपोटेकान, इरिनोटेकान ही केमोची औषधं करतात. त्यासाठी आमच्या भागातून नरक्याची लाकडं चोरून तोडली गेली, हे सगळ्यांना माहीत आहे. हे कॅम्प्टोथेसिन प्रथम शोधलं मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात, १९६६ साली, एका चिनी झाडातून. याच दोघांनी पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल वेगळं काढलं आणि १९७१ मध्ये त्याची रचना प्रसिद्ध केली. टॅक्सॉल म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल, माझ्या फाईलवर लिहिलेलं. हे मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे, १९२५ सालचा जन्म, मुंबई विद्यापीठातून शिकून गेलेले. सालाईनच्या बाटलीतून ते औषध थेंबाथेंबानं शिरेत उतरताना मी नंदुरबारच्या त्या माणसाचे मनातल्या मनात आभार मानले आहेत. झाडपाल्याचं औषध एका बाजूला आणि डॉक्टरांचं दुसऱ्या बाजूला, अशी जी विभागणी आपण डोक्यात करून ठेवतो, ती वैद्यकाकांच्या डोक्यात नव्हती. मात्रा ठाऊक आहे की नाही, एवढाच फरक ते मानत.

शेवटी मी विचारलं, "मग काका, तुम्ही मला काय देणार?"

शाळेची दोनशेपानी वही देणार, म्हणाले. आणि दिली.

त्या वहीत त्यांनी स्वतः पहिल्या पानावर रकाने आखले. काय घेते, किती घेते, कधीपासून, कशासाठी. त्यापुढे एक रकाना रिकामा, परळच्या डॉक्टरांसाठी. वनस्पतीचं नाव मराठीत आणि त्याखाली शास्त्रीय नाव रोमन लिपीत, म्हणजे तिकडच्या माणसाला शोधता यावं. त्यांनी सुचवलेल्या गोष्टी अगदी थोड्या होत्या: मळमळीला सैंधव लावून आल्याचा लहान तुकडा, उकड्या तांदळाची पेज, रात्री पायांना साधं खोबरेल. यातली एकही वही परळला जाऊन आल्याशिवाय सुरू करायची नाही, असं त्यांनी बजावलं. "पेशंट आता त्यांचो. डॉक्टराक म्हायत आसाक व्हया."

डे-केअरमध्ये ती वही सिस्टरांच्या हाती पडली. केरळच्या होत्या, इतकी वर्षं परळात काढली तरी मराठीत मल्याळमचा हेल होता. सुई लावायच्या आधी त्या प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत, "घरी आणखी काय काय घेता? सगळं सांगा अम्मा, मी ओरडणार नाही." आणि खरंच ओरडत नसत. माझ्या शेजारच्या खुर्चीवरची नगरकडची बाई त्या प्रश्नावर रडायला लागली, कारण भावानं दिलेला काढा ती दोन केमोंपासून लपवून घेत होती. सिस्टरांनी तिचा हात हातात घेऊन काढ्याचं नाव विचारलं, लिहून घेतलं आणि डॉक्टरांना दाखवायला गेल्या. परत आल्यावर आवाज तोच होता.

माझी वही त्यांनी उभ्यानंच वाचली. "हे कोणी लिहिलं?" मी सांगितलं. "फार चांगले वैद्य आहेत," त्या म्हणाल्या आणि वही घेऊन गेल्या. रिकाम्या रकान्यात हिरव्या शाईत उत्तरं आली. आलं चालेल, पण उलटीची गोळी वेळेवर घ्यायचीच. आल्याची कल्पना निराधार नव्हती. अमेरिकेत पाचशेहून जास्त रुग्णांवर झालेल्या अभ्यासात दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम सुंठीनं पहिल्या दिवसाची मळमळ कमी झाली होती, अर्थात नेहमीच्या गोळ्यांच्या सोबत. पण ज्या वेळी माझ्या प्लेटलेट उतरल्या त्या वेळी 'आल्याचा तुकडा बंद, जेवणातलं चालेल' असा शेराही हिरव्या शाईतच आला, कारण आलं जास्त झालं तर रक्त गोठायला वेळ लागू शकतो. गव्हांकुराच्या रसावर सिस्टरांनी काट मारली. केमोनंतर रक्तपेशींचे काउंट उतरतात, त्या दिवसांत कच्चा रस, न उकळलेलं पाणी, उघड्यावरची चटणी यांतून जंतू गेले तर ताप येतो आणि त्या तापानं माणूस दगावू शकतो. सोलकढीसुद्धा त्या आठवड्यात नको म्हणाल्या. सोलकढी सोडणं मला केमोपेक्षा कठीण गेलं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या.

मळमळ थोपवण्याची एक युक्ती त्यांनीच शिकवली. मनगटाच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजायची, दोन शिरांच्या मधल्या खळग्यात अंगठा ठेवून हळूहळू दाबत राहायचं. लाल औषध चढताना, ज्याला डॉक्टर डॉक्सोरुबिसिन म्हणतात आणि खुर्चीवरच्या बायका नुसतं 'लाल', मी तो बिंदू दाबून बसायचे. मळमळ पूर्ण थांबली असं नाही. पण हाताला काम मिळालं आणि पोटावरचं लक्ष हललं.

गणपतीत गावी होते. घरोघरी पपनस कापलेलं. वहीत मी तेही लिहिलं होतं, म्हणून सिस्टरांनी फोनवर सांगितलं, यंदा पपनस नको. ग्रेपफ्रूट आणि त्याच्या कुळातली फळं शरीरातलं औषध मोडणारं एक विकर अडवतात, मग काही औषधांची रक्तातली मात्रा वाढते. नैवेद्याचं फळ औषधाच्या आड येईल असं माझ्या तरी मनात आलं नसतं. ते वहीत आलं, कारण वैद्यकाकांनी रकाना आखताना 'औषध' लिहिलं नव्हतं, 'काय घेते' असं लिहिलं होतं.

वही अशी मुंबई-सावंतवाडी फिरत राहिली. निळ्या शाईत वैद्यकाकांचा प्रश्न, हिरव्या शाईत सिस्टरांचं किंवा त्यांनी डॉक्टरांना विचारून आणलेलं उत्तर. ऑपरेशनच्या आधी लसणीच्या कॅप्सूल बंद करा असं वैद्यकाकांनी लिहिलं, त्याखाली हिरवी बरोबरची खूण आली. काखेतल्या गाठी काढल्यावर डाव्या हाताला जोरानं तेल रगडायचं नाही, हे दोघांनी आपापल्या बाजूनं एकाच आठवड्यात लिहिलं. त्या हाताला सूज धरते आणि ती कायमची राहू शकते. लाईट चालू असताना त्वचेवर कसलाही लेप नाही, यावरही दोघांचं एकमत.

योगाबद्दल वैद्यकाकांनी आग्रह धरला. सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडेच शिकवतात. टाटामध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ८५० रुग्णांवर योगाचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष डिसेंबर २०२२ मध्ये सॅन अँटोनिओच्या परिषदेत मांडले गेले. त्या योगात शीर्षासन नाही की दमवणारं काही नाही. सोपी आसनं, सावकाश श्वास, शवासन, आणि तेही केमोच्या जागी नव्हे, केमोच्या सोबतीनं. थकव्यानं जिना चढवत नव्हता त्या दिवसांत आतेच्या खोलीत चटई अंथरून मी ते केलं आहे. त्यानं रोग हटला असं मी म्हणणार नाही. रात्री झोप लागली, आणि सकाळी उठून बसता आलं, हे मात्र त्याचंच.

सोबतीनं आणि जागी, या दोहोंतलं अंतर किती जीवघेणं असतं ते मी नंतर वाचलं. २०१८ साली येल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या २८१ रुग्णांची तुलना इतरांशी केली. त्यांच्यात मृत्यूचा धोका अडीचपट होता. स्तनाच्या कर्करोगात पाचपटींहून जास्त. त्याच वर्षीचा त्यांचा दुसरा अभ्यास मला जास्त हादरवून गेला. त्यातल्या रुग्णांनी नेहमीचा एखादा तरी उपचार घेतला होता आणि सोबत इतरही काही. पण त्यांच्यातल्या ५३ टक्क्यांनी लाईट नाकारली होती. बाकीच्यांत हे प्रमाण अवघं २.३ टक्के. सोबत इतरही काही घेणाऱ्या या रुग्णांतही मृत्यूचा धोका दुप्पट निघाला, आणि त्याचं कारण मुख्यतः हे नाकारणंच होतं. काढा सोबत घेतला म्हणून नव्हे, तर काढा आहे म्हणून उरलेला उपचार सोडला म्हणून माणसं गेली. मलाही लाईटच्या वेळी कंटाळा आला होता, गाठ तर गेलीच ना, असं घरात बोलणं निघालं होतं. तेव्हा वैद्यकाका स्वतः आमच्या घरी आले होते. चहासुद्धा न घेता यजमानांना म्हणाले, "लाईट पुरी होईपर्यंत माझी कसलीच पुडी हिका मिळूची नाय."

त्यांनी माझ्याकडून कधी पैसे घेतले नाहीत. दक्षिणा ठेवली तर म्हणायचे, मी औषध कुठं दिलंय? वैद्यानं औषध न देणं म्हणजे त्याची रोजची भाकरी सोडणं. तरी माझ्यासाठी त्यांनी ती आनंदानं सोडली. आता ते नाहीत. सिस्टर निवृत्त होऊन त्रिशूरकडे गेल्या, नाताळला त्यांचा फोन येतो आणि वैद्यकाका गेल्याचं कळलं तेव्हा त्या फोनवर बराच वेळ बोलू शकल्या नाहीत. ज्यांना कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी.

माझा आजार आटोक्यात आहे, म्हणून गावातून, चाळीतून, ओळखीच्या ओळखीतून फोन येतात. परवा देवगडहून एका मुलाचा आला. आईला मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग, निघाला आहे, बोर्टेझोमिब हे औषध सुरू होणार आहे, आणि तो तिला रोज ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या देणार आहे, एकदम नैसर्गिक. ग्रीन टीतलं एक द्रव्य नेमकं बोर्टेझोमिबलाच पकडून निकामी करतं, हे प्रयोगशाळेत २००९ मध्येच दिसलं आहे. मी त्याला ते सांगितलं. गोळ्या सुरू करू नको, पुढच्या तारखेला डबी घेऊनच डॉक्टरांकडे जा, आणि आई आणखी काय काय घेते ते आज रात्रीच तिच्याशेजारी बसून लिहून काढ, असंही सांगितलं. तो म्हणाला, बाकी काही नाही, घरगुतीच सगळं.

"घरगुती म्हणजे काय काय?" मी विचारलं, आणि पेन घेऊन बसले.